पिकअपचा हेडलाइट फारच मंद: बल्ब बदलू, रिले किट लावू की एलईडी?

ओतूर_फेरी

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची पिकअप, १२ व्होल्ट, एच४ बल्ब (एकाच बल्बात अप्पर म्हणजे हाय बीम आणि डिप्पर म्हणजे लो बीम) ६०/५५ वॉट. हंगामात रोज रात्री टोमॅटोचे क्रेट भरून ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण करत वाशी मार्केट. साधारण सव्वा टन माल असतो, परत येताना गाडी रिकामी.

तक्रार अशी: डिप्परचा उजेड पिवळट आणि जवळच पडतो. उजवा दिवा डाव्यापेक्षा मंद आहे. तरीही गाडी भरलेली असली की समोरचे सगळे लाइट मारतात, म्हणजे त्यांच्या डोळ्यांवर जातोय. रिकामी असताना कोणी मारत नाही. आयडलला दिवे थोडे बसतात, रेस केली की उठतात. बल्ब सहा महिन्यांपूर्वी बदललेत, फरक पडला नाही. दिव्यांची पुढची काच प्लास्टिकची आहे, वरच्या कडेला पिवळी पडली आहे.

दुकानदार २०,००० ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप) एलईडी जोडी घ्या म्हणतो, गॅरेजवाला १००/९० वॉटचे बल्ब घाला म्हणतो. बजेट तीन हजारांच्या आत. आधी काय करू?

वायरमन६१

आधी काहीच विकत घेऊ नका. साधा डिजिटल मल्टीमीटर मिळवा आणि बल्बपर्यंत किती व्होल्ट पोचतायत ते मोजा. नवा बल्ब घालूनही फरक पडला नाही, म्हणजे दोष बहुधा बल्बच्या मागे आहे.

एच४ बल्बवर १२ व्होल्ट छापलेलं असलं तरी त्याचा नेमून दिलेला प्रकाश १३.२ व्होल्टला मोजतात. तिथे अप्परला १६५० आणि डिप्परला १००० ल्युमेन धरतात, १५ टक्के इकडे-तिकडे. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या ३.४च्या आसपासच्या घाताने घसरतो. सोप्या भाषेत, १३.२ ऐवजी १२ व्होल्ट पोचले तर प्रकाश ७२ टक्के उरतो आणि ११.५ पोचले तर ६३ टक्के. दीड-दोन व्होल्ट वायरीत गेले की एक तृतीयांश उजेड गेला. वर तार कमी तापल्याने रंगही पिवळा होतो. तुम्ही पिवळट म्हणताय ते नेमकं हेच लक्षण.

मोजायची पद्धत. इंजिन चालू, १५०० आरपीएमच्या आसपास, डिप्पर चालू. बल्ब होल्डरमध्ये बसलेलाच हवा. होल्डर काढून मोकळ्या पिनांवर मोजलं तर करंट वाहत नाही, त्यामुळे वायर कितीही सडलेली असो, मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो. पुष्कळ लोक इथेच फसतात. होल्डरच्या मागून, वायरीच्या कडेने टाचणी आत सरकवा आणि टाचणीला मीटरची पिन लावा.

चार आकडे हवेत:
१. बॅटरीच्या दोन टोकांवर. १३.८ ते १४.४ असावेत.
२. बल्बच्या डिप्पर पिन आणि अर्थ पिनमध्ये (अर्थ म्हणजे बॅटरी मायनसकडे परत जाणारी वाट), दोन्ही बाजूंना.
३. बॅटरी प्लस ते बल्बची डिप्पर पिन. ही प्लस बाजूची गळती, म्हणजे वाटेत वाया जाणारे व्होल्ट. ०.५च्या आत असेल तर ठीक.
४. बल्बची अर्थ पिन ते बॅटरी मायनस. ही अर्थची गळती. ०.२च्या वर गेली तर अर्थ खराब.

३ आणि ४ची बेरीज म्हणजे १ आणि २मधला फरक. बेरीज जुळत नसेल तर मोजताना कुठेतरी टाचणी नीट टेकलेली नाही.

आयडलला दिवे बसतात म्हणता, तर फॅनबेल्टचा ताण आणि अल्टरनेटरही तपासा. आयडलला दिवे लावून बॅटरीवर १३च्या खाली जात असेल तर आधी तिकडे बघा. उलट रेस केल्यावर १४.८च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय. मग नवे बल्ब लवकर उडतील.

शिरूर_टेंपो

मीटर वगैरे ठीक आहे, पण एलईडीला इतकं घाबरायचं कारण नाही. करंट कमी लागतो म्हणून वायरिंगवर ताण नाही, व्होल्टेज पडलं तरी आतला ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) प्रकाश सारखा ठेवतो. पांढरा प्रकाश पडतो, रस्त्याच्या कडेची पट्टी छान दिसते. बजेटमध्ये बसतं.

परावर्तक

शिरूर_टेंपो, करंट आणि ड्रायव्हरबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. अडचण प्रकाश किती यात नाही, तो कुठून निघतो यात आहे.

एच४च्या दिव्यात मागचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. डिप्परच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते, ती प्रकाशाचा खालचा भाग अडवते, म्हणून वर न जाणारी स्वच्छ कड (उजेड आणि अंधार यांची सीमारेषा) मिळते. एलईडीच्या चिप सपाट पट्टीच्या दोन बाजूंना असतात. त्यांची जाडी, रुंदी आणि वाटीची जागा फिलामेंटशी तंतोतंत जुळत नाही. मिलिमीटरभर फरकाने कड विस्कटते. परिणाम दोन: बोनेटसमोरचा १५-२० मीटर रस्ता झगझगीत होतो आणि ६० मीटरवरचा अंधारातच राहतो. जवळचा उजेड जास्त झाला की बुबुळ आकसतं, त्यामुळे लांबचं आणखी कमी दिसतं. चालकाला मात्र वाटतं की लाइट जबरदस्त झाला. समोरच्याला तो सरळ डोळ्यात जातो.

२०,००० ल्युमेनचा हिशेब स्वतः करा. चांगल्या एलईडीला वॉटमागे १०० ल्युमेन धरले तरी जोडीला २०० वॉट लागतील, म्हणजे जवळजवळ १५ अँपिअर. अशा किटच्या वायरीत मीटर लावा, बहुतेक वेळा एका बल्बला दोन-तीन अँपिअरच दिसतात. बाकीचे ल्युमेन खोक्यावर असतात. शिवाय मागचा बारका पंखा आपल्याकडच्या धुळीत आणि पावसाळी ओलाव्यात अडकतो. पंखा थांबला की चिप तापून मंद होते.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला मनाई करतं. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी कोंबली की पासिंगला आणि रस्त्यावर, दोन्हीकडे अडचण. कंपनीने त्याच मॉडेलला एलईडीचा पूर्ण दिवा मान्यतेसह दिला असेल तर गोष्ट वेगळी.

१००/९०बद्दल: ५५ऐवजी ९० वॉट म्हणजे करंट १.६ पट, वायरीत आणि होल्डरमध्ये तापणारी उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे २.७ पट. आधीच गळकी वायर असेल तर वाढीव वॉट वायरच खाते. आधी होल्डर तपकिरी होतो, मग अर्थची पिन वितळून बसते. आत रिफ्लेक्टरचा चकाकता थर भाजतो, तो परत येत नाही. प्लास्टिकच्या काचेला आतून चिरा पडतात. मान्यताप्राप्त एच४ ६०/५५चाच असतो, बल्बच्या बुडाशी गोलात ई आणि आकडा असतो तो बघून घ्या. निळसर काचेचे बल्बही नकोत. निळा थर प्रकाशाचा काही भाग गिळतो, हाती फक्त पांढरेपणाचा भास येतो.

ओतूर_फेरी

काल मोजलं. इंजिन १५००, डिप्पर चालू:

बॅटरीवर १४.०. डाव्या बल्बवर ११.७, उजव्यावर ११.३. प्लस बाजूची गळती दोन्हीकडे २.१. अर्थची गळती डावीकडे ०.२, उजवीकडे ०.६. आयडलला बॅटरीवर १३.४, बेल्ट थोडा ढिला होता तो ताणला, आता १३.७ आहे.

उजवा होल्डर काढला तर एका पिनेभोवती प्लास्टिक तपकिरी झालंय.

वायरमन६१

आकडे स्वच्छ आहेत, बेरीजही जुळते. डाव्या दिव्यात नेमून दिलेल्या प्रकाशाच्या ६६ टक्के आणि उजव्यात ५९ टक्के प्रकाश आहे. उजवा मंद का, तेही कळलं: अर्थ. प्लसचे २.१ व्होल्ट दोन्हीकडे सारखेच जातायत, म्हणजे दोष दोघांच्या सामाईक वाटेत आहे: फ्यूज बॉक्स, स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच आणि कारखान्यातली बारीक वायर. जोडीचे दहा-अकरा अँपिअर स्विचच्या जुन्या कॉन्टॅक्टमधून जातात, कॉन्टॅक्ट काळे पडतात, प्रतिकार वाढतो, आणखी तापतात.

यावर उपाय रिले किट. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. स्विचला फक्त रिलेची कॉइल चालवायची, तिला ०.२ अँपिअरच्या आत करंट लागतो. दिव्यांचा करंट बॅटरीवरून थेट जाड वायरीने जातो. तयार किट मिळतं, पण बऱ्याच स्वस्त किटमध्ये वायरचं इन्सुलेशन जाड आणि आत तांबं बारीक असतं. टोक सोलून बघा. स्वतः बनवलं तर माल असा लागेल:

१२ व्होल्ट ३०/४० अँपिअरचे दोन रिले बेससकट, एक डिप्परला आणि एक अप्परला. पाणी न जाणारे दोन फ्यूज होल्डर, त्यात २० अँपिअरचे फ्यूज. ४ चौरस मिमीची ऑटो वायर ३ मीटर, २.५ चौरस मिमीची ८-९ मीटर, कॉइलसाठी १ चौरस मिमीची २ मीटर. सिरॅमिकचे दोन एच४ होल्डर, आणि जुन्या होल्डरमध्ये घुसणारा एक तीन पिनांचा नर प्लग. रिंग थिंबल, स्लीव्ह, नालीदार पाइप.

जोडणी: बॅटरी प्लसवरून दोन स्वतंत्र ४ मिमीच्या वायरी, प्रत्येकीत फ्यूज, बॅटरीपासून १५ सेंटीमीटरच्या आत. फ्यूज लांब ठेवलात तर त्याआधीचा वायरीचा तुकडा उघडा राहतो, बॉडीला घासला की आग. तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर. ८७ नंबरवरून दोन्ही दिव्यांना वेगवेगळी २.५ मिमीची वायर. ८६वर जुन्या डाव्या होल्डरमधून येणारा इशारा, डिप्परचा एका रिलेला, अप्परचा दुसऱ्याला. दोन्ही रिलेंची ८५ जुन्या होल्डरच्या सामाईक पिनेला. जुना उजवा होल्डर टेपने नीट बंद करून बांधून ठेवा, कापू नका. कधी रस्त्यात रिले गेला तर जुना होल्डर परत बल्बला लावून घरी येता येतं.

प्रत्येक दिव्याची अर्थ २.५ मिमीने थेट बॅटरी मायनसला किंवा इंजिनच्या अर्थ बोल्टला. पत्र्याच्या स्क्रूला देऊ नका. रंग खरवडून रिंग बसवायची आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस, नाहीतर दोन पावसाळ्यांत परत ०.६ व्होल्ट.

एक सावधगिरी. सगळ्या गाड्यांत अर्थ सामाईक नसतो. काहींमध्ये, विशेषतः जपानी पद्धतीच्या वायरिंगमध्ये, प्लस सामाईक असतो आणि स्विच अर्थ तोडतो. बल्ब काढा, मीटरची काळी पिन बॅटरी मायनसला, दिवे लावून तिन्ही पिना बघा. अप्पर-डिप्पर करताना दोन पिनांवर आळीपाळीने १२ येत असेल तर अर्थ सामाईक. एकाच पिनेवर कायम १२ असेल तर प्लस सामाईक. म्हणूनच ८५ बॉडीला न देता जुन्या होल्डरच्या सामाईक पिनेला द्या म्हटलं, दोन्ही पद्धतींत चालतं. वायरीच्या रंगावर विसंबू नका, मधे कोणीतरी रिपेअर केलेलंच असतं.

रिले उभे बसवा, पिना खाली, म्हणजे पाणी आत साचत नाही. रेडिएटरला आणि एक्झॉस्टला चिकटून नको. जोड क्रिंप करा (थिंबल पक्कडीने दाबून), पिळून टेप गुंडाळलेला जोड पिकअपच्या थरथरीत वर्षभर टिकत नाही. आणि सगळं करताना बॅटरीची मायनस काढून ठेवा.

नंतर तेच चार आकडे परत मोजा. बल्बवर १३.४-१३.५ यायला हवेत.

परावर्तक

वायरिंगसोबत दिव्याची काच आणि आतला रिफ्लेक्टर बघा, नाहीतर वाढलेला प्रकाश तिथेच अडकेल.

प्लास्टिकची काच पिवळी होते कारण वरचा संरक्षक थर उन्हाने जातो. दिव्याभोवती मास्किंग टेप दोन पदरी लावा. पाण्याचा पॉलिश पेपर घ्या: थर सोलवटलेला असेल तर ८००, नसेल तर १०००पासून सुरू. मग १५००, २०००, ३०००. प्रत्येक नंबरला दिशा बदला, एकदा आडवा, एकदा उभा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. पाणी सतत ओतत राहा. पांढरं दुधासारखं पाणी येणं थांबेपर्यंत पुढचा नंबर नको. शेवटी रबिंग कंपाउंड.

इथे थांबलात तर काही महिन्यांत परत पिवळी, कारण आता काचेवर कसलाच थर नाही. यूव्हीचा क्लिअर कोट मारावाच लागतो, रंगवाल्याकडे टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारून घेतला तर सगळ्यात टिकाऊ. तो मारताना मास्क लावा, त्याची वाफ फुप्फुसाला घातक आहे. टूथपेस्टने घासण्याचे व्हिडिओ दिसतात, त्याने पंधरा दिवस चकाकतं, बाकी काही नाही.

रिफ्लेक्टर तपासायला बल्ब काढा, मोबाइलची टॉर्च पुढून मारा आणि मागच्या भोकातून बघा. आरशासारखा असेल तर हात लावू नका. फडका, कापूस, काहीच नको. तो थर इतका पातळ असतो की धूळ पुसताना धूळच त्याला खरवडते. बल्बच्या वरच्या बाजूला तपकिरी डाग किंवा राखाडी झाक दिसत असेल तर तो दिवा संपला, पॉलिश करून परत येत नाही. आत पाण्याचे थेंब असतील तर मागचा रबर बूट आणि श्वासाची नळी बघा. गॅरेजमध्ये बूट फेकून देतात, तिथूनच ओल शिरते.

दिवा बदलायची वेळ आली तर डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठीचा आहे ना, ते भिंतीवर खात्री करा. कडेचा वर चढणारा भाग डावीकडे हवा. उजवीकडे चढत असेल तर तो दुसऱ्या देशासाठीचा दिवा आहे, समोरच्याच्या डोळ्यात जाणारच.

बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, लागलं तर स्पिरिटने पुसा. तीन खाचा सारख्या नसतात, बल्ब एकाच पद्धतीने सपाट बसतो. वाकडा बसवून तारेची क्लिप दाबून लावलेली पुष्कळदा दिसते, मग फोकस कितीही फिरवा, कड येत नाही.

पाच_मीटर_भिंत

मूळ प्रश्नातली सर्वात महत्त्वाची ओळ अजून कोणी घेतली नाही: भरलेली असली की समोरचे लाइट मारतात, रिकामी असताना नाही. हा प्रकाशाचा नाही, कोनाचा प्रश्न आहे. रिले किटने उजेड दीडपट-पावणेदोनपट होईल, आणि कोन तसाच राहिला तर समोरच्याचा त्रासही तितकाच वाढेल. म्हणून फोकस (दिव्याचा कोन) लावल्याशिवाय गाडी रात्री काढू नका.

आधी मोजा. रिकामी गाडी सपाट जागी, टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून वर बॉडीच्या ठरलेल्या जागेपर्यंतची उंची लिहून घ्या. मग नेहमीएवढा माल भरून परत मोजा. समजा मागे ७ सेंटीमीटर बसली आणि पुढे १. फरक ६. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) ३ मीटर धरला तर ६ भागिले ३००, म्हणजे दोन टक्के नाक वर. डिप्परची कड साधारण एक-सव्वा टक्का खाली ठेवलेली असते. दोन टक्के वर गेली की ती आडव्या रेषेच्याही वर, थेट समोरच्या चालकाच्या चेहऱ्यावर.

आता भिंत. सपाट जागा, भिंतीपासून दिव्याची काच बरोबर ५ मीटर, गाडी भिंतीला काटकोनात, चालक सीटवर. दोन्ही दिव्यांच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आडवी रेघ मारून दाखवा, दोन्ही मध्यांच्या उभ्या रेघाही मारा. एका दिव्यावर गोणपाट टाकून दुसरा लावा. ५ मीटरवर १ टक्का म्हणजे ५ सेंटीमीटर. काही गाड्यांत दिव्याजवळ किंवा प्लेटवर कंपनीने टक्का छापलेला असतो, तो असेल तर तोच धरा. नसेल तर कडेचा सपाट भाग आडव्या रेघेच्या ६ सेंटीमीटर खाली आणि वाकण्याचा कोपरा उभ्या रेघेवर. फोकस नेहमी डिप्परवर लावायचा. एच४मध्ये अप्पर आपोआप जागेवर येतो.

हे सेंटीमीटर किती महत्त्वाचे ते बघा. दिवा ८५ सेंटीमीटर उंचीवर असेल तर ५ सेंटीमीटर खाली लावलेली कड ८५ मीटरवर रस्त्याला टेकते, ६ सेंटीमीटरला ७१ मीटरवर आणि १० सेंटीमीटरला ४२ मीटरवरच. ताशी ६० किलोमीटरने दीड सेकंद पाय ब्रेकवर जाईपर्यंत २५ मीटर जातात, भरलेली गाडी ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी २८ धरा. ५३ मीटर. ८०ने गेलात तर ८३ मीटर. उसाच्या दिवसांत रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली पुढे उभी असते तेव्हा हा हिशेब अक्षरशः जिवाचा असतो. डिप्परवर ६०च्या वर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे, दिवे कितीही चांगले असोत.

भरलेली आणि रिकामी यांचा मेळ कसा घालायचा? डॅशबोर्डवर ० ते ३ असा फोकसचा स्विच असेल तर रिकाम्या गाडीत ०वर ठेवून भिंतीवर लावा. मग माल भरून तीच भिंत, आणि कोणत्या आकड्याला कड परत ६ सेंटीमीटरवर येते ते बघून डॅशवर खूण करा. स्विच फिरतो पण दिवा हलत नसेल तर मागची छोटी मोटर किंवा तिचा प्लग गेलेला असतो.

स्विच नसेल तर दिव्यामागच्या उभ्या फोकसच्या स्क्रूवर पांढऱ्या रंगाची खूण करा. रिकाम्यापासून भरलेल्यापर्यंत किती फेरे लागतात ते एकदा मोजून लिहून ठेवा. निघताना तेवढे फेरे खाली, परतीच्या आधी तेवढेच वर. दोन मिनिटांचं काम आहे. रोज शक्य नसेल तर भरलेल्या गाडीवर लावून ठेवा, कारण तुमचा रात्रीचा प्रवास भरलेल्या गाडीचा आहे. रिकाम्या परतीला उजेड आखूड पडेल, तेव्हा वेग कमी ठेवा.

७ सेंटीमीटरपेक्षा फार जास्त बसत असेल तर पाटे थकलेत किंवा माल हौद्यात फार मागे भरला जातोय. जड क्रेट केबिनच्या बाजूला घ्या.

ओतूर_फेरी

मोजलं तर मागे ८, पुढे १ बसते. व्हीलबेस ३ मीटरच्या आसपास. म्हणजे २.३ टक्के. फोकसचा स्विच नाही. माळशेजला पावसाळ्यात धुकं असतं, त्यासाठी वेगळे पिवळे दिवे लावावेत का? एकाने टपावर एलईडी बार लाव म्हटलं.

पाच_मीटर_भिंत

टपावरचा बार धुक्यात सगळ्यात वाईट. प्रकाश तुमच्या नजरेच्या रेषेतूनच जातो, धुक्याचे थेंब तो परत डोळ्यावर फेकतात, समोर पांढरी भिंत उभी राहते. अप्परनेही तेच होतं. आणि रस्त्यावर असा बार चालवला तर दंडही होऊ शकतो.

फॉग लॅम्प बंपरमध्ये, हेडलाइटपेक्षा खाली हवेत. रुंद आणि वरून सपाट कापलेला प्रकाश असलेलेच घ्या, स्पॉट नकोत. ५ मीटरच्या भिंतीवर त्यांची कड त्यांच्याच मध्याच्या १० सेंटीमीटर खाली ठेवा. वेगळा रिले, वेगळा १५ अँपिअरचा फ्यूज, वेगळा स्विच. पिवळा की पांढरा यावर वाद घालण्यात अर्थ नाही, उंची आणि कड याने फरक पडतो. पिवळा काहींच्या डोळ्यांना सुखावतो, इतकंच. धुकं गेलं की बंद करा.

घाट उतरताना पुढची काचही बघा. आतल्या बाजूला धूर आणि डॅशबोर्डच्या प्लास्टिकच्या वाफेचा तेलकट थर बसतो. दिवसा दिसत नाही, समोरून लाइट आला की काच पांढरी होते. ओल्या कापडाने, मग थोड्या स्पिरिटने आतून पुसा. वायपरचं रबर कडक झालं असेल तर बदला.

ओतूर_फेरी

काम झालं. किट घरीच बनवलं, ४ मिमी आणि २.५ मिमीची वायर, सिरॅमिक होल्डर. अर्थ दोन्हीकडून बॅटरीला. आता बॅटरीवर १४.०, डाव्या बल्बवर १३.५, उजव्यावर १३.४. काचा घासून टू-के क्लिअर मारला. भरलेल्या आणि रिकाम्यात स्क्रूचे साडेतीन फेरे येतात, खूण केली. काल भरलेल्या गाडीला एकानेही लाइट मारला नाही, आणि कडेचे दगड आता लांबून दिसतात.

एकच शंका: अप्पर लावल्यावर सेकंदभर दोन्ही दिवे विझून मग लागतात. हे बरोबर आहे का?

वायरमन६१

डाव्यात ६३ टक्के आणि उजव्यात जवळजवळ ७९ टक्के प्रकाश वाढलाय, तोही त्याच बल्बवर.

सेकंदभर अंधार बरोबर नाही. रिले बदलायला डोळ्याची पापणी लवेपर्यंतही वेळ लागत नाही. म्हणजे स्विचमध्येच अप्पर आणि डिप्परच्या मधे कॉन्टॅक्ट सुटतोय.  कॉम्बिनेशन स्विच काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, वीस-तीस वेळा अप्पर-डिप्पर करा. तरी राहिलं तर स्विच बदला, घाटात वळणावर सेकंदभर अंधार परवडणार नाही. त्याआधी अप्परच्या रिलेची ८६ पिन बेसमध्ये घट्ट आहे का ते बघा, नव्या बेसमध्ये थिंबल अर्धवट बसलेलं बऱ्याचदा सापडतं.

आणखी एक. पंधरा दिवसांनी अर्धा तास दिवे चालवून दोन्ही फ्यूज होल्डर आणि बॅटरीवरची रिंग हाताने चाचपा. कोमट असतील तर ठीक. हात ठेववत नसेल तर क्रिंप सैल आहे, तो कापून नवीन मारा. जादा फ्यूज आणि एक रिले डॅशच्या खणात ठेवा, ६०/५५चा एक बल्बही, त्याच्या डबीतच, म्हणजे काचेला हात लागत नाही.